जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

नवे घर बांधण्याची ऐपत नसली म्हणजे माणूस जुने घर दुरुस्त करतो. आमच्या वेल्हे तालुक्यात (आता त्याचे नाव राजगड तालुका झाले आहे) आणि शेजारच्या भोर तालुक्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मृगापूर्वी कौले उतरवून पाहायची, फुटकी बाजूला काढायची, एखादा कुजलेला वासा बदलायचा आणि घर पुन्हा शाकारायचे, हा येथला दर वर्षाचा नेम आहे. यंदा एक वासा, पुढच्या वर्षी दोन, असे करता करता दहा वर्षांनी छपरातील निम्मे लाकूड नवे झालेले असते, आणि घर मात्र आजोबांचेच असते. संगणकाच्या बाबतीत हा विचार आपल्याला सुचत नाही. तो मंद चालू लागला की ‘जुना झाला, आता नवा घ्यायला हवा’ असे आपण म्हणून मोकळे होतो. वस्तुतः टेबलावरचा संगणक हे एकसंध यंत्र नाही. वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले सात-आठ भाग एका पेटीत एकत्र जोडलेले असतात, आणि त्यांतील प्रत्येक भाग स्क्रू-ड्रायव्हरने सोडवून वेगळा काढता येतो.

प्रस्तुत लेखात अशा एका जुन्या संगणकाविषयी लिहावयाचे आहे. तो खेळांसाठी, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘गेमिंग’ म्हणतो त्यासाठी, जोडलेला होता. तो मला पुण्याच्या मामेभावाकडून मिळाला. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला येणाऱ्या पर्यटकांच्या जेवणाची सोय आमच्या घरी होते. त्यातून माझ्या वाट्याला येणारे पैसे थोडे थोडे येतात आणि भर पावसात तर जवळजवळ थांबतात. पन्नास हजारांचा नवा संगणक एकरकमी घेणे या हिशेबात बसत नव्हते. तीन महिन्यांतून एकदा एखादा भाग घेणे बसत होते. आमच्यासारख्या अनेक घरांचा हाच हिशेब आहे. म्हणूनच कोणता भाग आधी घ्यावा, कोणता नंतर, आणि कोठे थांबावे, हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ हौसेचा राहत नाही. चुकीच्या भागावर खर्च झालेले पैसे परत जमायला पुढचा हंगाम यावा लागतो.

पेटीत काय काय असते

प्रथम नावांचा थोडा परिचय करून घेऊ. आपल्याकडे संपूर्ण पेटीलाच ‘सी.पी.यू.’ म्हणण्याचा प्रघात आहे; पण पेटी म्हणजे कॅबिनेट, आणि सी.पी.यू. किंवा प्रोसेसर हा त्या पेटीतील काडेपेटीपेक्षाही लहान असा चौकोनी तुकडा होय. सर्व आकडेमोड व निर्णय त्याच्याकडे. तो ज्या मोठ्या पट्टीवर बसतो तो मदरबोर्ड. चालू कामापुरता मजकूर हाताशी ठेवण्याची जागा म्हणजे रॅम, आणि कायमचे कोठार म्हणजे हार्ड डिस्क. पडद्यावरचे चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. घरातील २३० व्होल्टची वीज या सर्वांना सोसेल अशा १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा म्हणजे एस.एम.पी.एस.

माझ्या संगणकात इंटेलचा आय-५ ४४६० हा २०१४ सालचा चार गाभ्यांचा प्रोसेसर, एच-८१ जातीचा मदरबोर्ड, ४ जी.बी. रॅम, ५०० जी.बी. हार्ड डिस्क, आणि जी.टी.एक्स. ७५० टी.आय. हे २ जी.बी. स्मृतीचे, २०१४ सालचेच ग्राफिक्स कार्ड होते. या पिढीचे संगणक आज अनेक घरांत धूळ खात पडलेले आहेत, म्हणून हे उदाहरण वाचकांच्या उपयोगी पडावे.

खेळ चालू असताना पेटीत काय घडते? पडद्यावर हलणारे दृश्य हे सिनेमाप्रमाणेच एकामागून एक दाखविलेल्या चित्रांचे बनलेले असते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० दाखवायची तर ३३.३. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने कोण कोठे आहे, कोणी उडी मारली, गोळी कोणाला लागली हे ठरवायचे, आणि त्या निर्णयाप्रमाणे ग्राफिक्स कार्डाने चित्र रंगवायचे. दोघांपैकी जो उशीर करील त्याच्या वेगाने खेळ चालणार. दुसरा कितीही चपळ असला तरी त्याला वाट पाहत बसावे लागते.

अरुंद जागेचा नियम

भोरजवळच्या भाटघर धरणाचे उदाहरण घेऊ. तेथून सुटलेले पाणी निरा नदीतून वीरला जाते आणि तेथून कालव्यांनी बारामती-फलटणकडे वळते. धरण काठोकाठ भरलेले असले तरी शेवटच्या शेताला पाणी मिळते ते वाटेवरच्या सर्वांत अरुंद दारातून जेवढे जाईल तेवढेच. धरणाची भिंत उंच करून ते वाढणार नाही. वाढवायचे तर ते दार रुंद केले पाहिजे. संगणकाची गतही तशीच आहे.

हीच गोष्ट जीन ॲमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली गणिती रूपात मांडली, आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिचे सार साध्या आकड्यांत सांगता येईल. समजा, एखादा खेळ सुरू व्हायला १०० सेकंद लागतात. त्यांपैकी ८० सेकंद हार्ड डिस्कवरून मजकूर वाचण्यात जातात व २० सेकंद प्रोसेसरच्या कामात. आता आपण पैसे खर्चून दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसविला, तर २० चे १० होतील आणि एकूण वेळ ९० सेकंदांवर येईल. त्याऐवजी पाचपट वेगाची डिस्क बसविली, तर ८० चे १६ होतील आणि एकूण वेळ ३६ सेकंद होईल. पहिला भाग कदाचित दुसऱ्यापेक्षा महाग असेल. पण फायदा दुसऱ्याचा अधिक.

या उदाहरणात आणखी एक मुद्दा दडलेला आहे. नवी डिस्क बसविल्यावर उरलेल्या ३६ सेकंदांत प्रोसेसरचे २० सेकंद आहेत. म्हणजे आता अरुंद जागा तेथून सरकून प्रोसेसरकडे आली. एक दार रुंद केले की दुसरे अरुंद ठरते. म्हणून पहिल्याच दिवशी पाच भागांची यादी करून ती क्रमाने विकत घेत सुटणे शहाणपणाचे नाही. एक भाग बदलावा, महिनाभर संगणक वापरावा, आता कोण कोणाची वाट पाहत आहे ते तपासावे, आणि मगच पुढच्या भागाचा विचार करावा. पैसे सावकाश जमणाऱ्या माणसाला ही सक्ती एका परीने हिताचीच आहे.

दुखणे कोठे, दोष कोठे

अरुंद जागा ओळखायची कशी? त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडला म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्क व ग्राफिक्स कार्ड हे प्रत्येकी किती टक्के कामात आहेत ते दिसते. खेळ चालू ठेवून हे आकडे पाहावेत. मात्र ते वाचताना थोडी सावधगिरी हवी. चार गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये एकच गाभा पूर्ण राबत असेल आणि तीन रिकामे असतील, तर एकूण आकडा २५ टक्क्यांच्या आसपास दिसेल. पण खेळ त्या एकाच गाभ्यावर अवलंबून असेल तर प्रोसेसर थकलेलाच समजावा.

याहून सोपी परीक्षा आहे. खेळातील चित्राची सूक्ष्मता, म्हणजे रेझोल्यूशन, कमी करून पाहावे. चित्र लहान केले की ग्राफिक्स कार्डाचे काम हलके होते. प्रोसेसरचे काम जवळजवळ तेवढेच राहते. सेकंदाची चित्रे वाढली, तर अडथळा कार्डाचा होता. ती तेवढीच राहिली, तर प्रोसेसरचा.

कधी कधी दुखणे एका जागी व दोष दुसऱ्या जागी असतो. माझ्या संगणकात डिस्कचा आकडा सतत शंभर टक्के दिसे. पाहणाऱ्याला वाटावे, डिस्क बदलली की झाले. पण रॅमही त्याच वेळी पूर्ण भरलेली होती. रॅममध्ये जागा उरली नाही म्हणजे संगणक काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. ओट्यावर जागा नसली की स्वयंपाक करणाऱ्याला प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढावे लागते, त्यातला हा प्रकार. शिडी चांगली घेण्याआधी ओटा मोठा करणे योग्य.

बिनखर्चाचे काम आधी

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी पेटी उघडून साफ करावी. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चार महिने दमट हवा. धूळ ओलसर होऊन पंख्यांच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये थापल्यासारखी बसते. हवा खेळेनाशी झाली म्हणजे प्रोसेसर तापतो, आणि ठराविक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. तेव्हा मंदपणाचे कारण वय नसून उष्णता असू शकते. वीज पूर्ण बंद करून, वायर काढून, मऊ कोरड्या ब्रशाने धूळ काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो भरकन फिरून खराब होत नाही. प्रोसेसर व त्यावरील थंडाव्याचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. दहा वर्षांत तो वाळून जातो. जुना पुसून वाटाण्याएवढा नवा लावावा. मदरबोर्डवरील सी.आर. २०३२ हा रुपयाच्या नाण्यासारखा सेल संपला असेल तर संगणक दर वेळी तारीख-वेळ विसरतो. तोही या निमित्ताने बदलून घ्यावा.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. एस.एम.पी.एस.मध्ये विजेतील गोंगाट गाळून अर्थिंगच्या तारेकडे वळविणारे लहान घटक असतात. भिंतीतील प्लगला अर्थिंगच नसेल तर ती गळती पेटीच्या पत्र्यावर येऊन थांबते. ती सहसा फार सूक्ष्म असते, तरी नव्या भागांच्या दृष्टीने ते लक्षण चांगले नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणे हा संगणकाच्या दुरुस्तीचाच भाग मानावा. जेथे वीज वरचेवर जाते तेथे लहानसा यू.पी.एस.ही आवश्यक आहे. त्याने खेळ लांबत नाही, पण डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज जाऊन मजकूर बिघडणे टळते.

रॅम आणि डिस्क

माझा पहिला खर्च रॅमचा. माझ्या मदरबोर्डला रॅमच्या दोनच खाचा आहेत व त्यात एकूण १६ जी.बी.पर्यंत रॅम बसते. एका खाचेत ४ जी.बी.ची पट्टी होती; तशीच डी.डी.आर.-३ जातीची १६०० वेगाची दुसरी पट्टी जुनी विकत मिळाली, सहाशे रुपयांना. येथे दोन लाभ होतात. जागा दुप्पट होते हा एक. आणि दोन पट्ट्या जोडीने चालू लागल्या की प्रोसेसर व रॅम यांमधील रस्ता दुहेरी होतो, सेकंदाला १२.८ जी.बी.ऐवजी २५.६ जी.बी.ची वाट उपलब्ध होते, हा दुसरा. डी.डी.आर.-३ आणि डी.डी.आर.-४ यांच्या पट्ट्यांतील खाच वेगवेगळ्या जागी असते; एकीच्या घरात दुसरी बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुन्या पट्टीवरील लेबलाचे छायाचित्र जवळ ठेवावे. नव्या मेमरीचे भाव २०२५ च्या उत्तरार्धात जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या प्रचंड संगणककेंद्रांची मागणी वाढली. अशा वेळी आहे त्या जुन्या जातीची एक पट्टी वाढविणे हा मार्ग अधिकच विचारात घेण्याजोगा ठरतो.

दुसरा खर्च डिस्कचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला मजकूर सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून अधिक काळ थांबावे लागते. शिवाय सुई योग्य जागी सरकण्याचा वेळ निराळाच. एस.एस.डी.मध्ये फिरणारे काहीच नसते, त्यामुळे ही प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत येते. सलग वाचनाचा वेगही सेकंदाला सुमारे १००-१५० एम.बी.वरून ५०० एम.बी.च्या आसपास जातो. मी २४० जी.बी.ची घेतली, पंधराशे रुपयांना. तिच्यावर विंडोज व नेहमीचे एक-दोन खेळ ठेवले. जुनी डिस्क तशीच राहू देऊन तिच्यावर चित्रपट, छायाचित्रे, टिपणे ठेवली. एच-८१ जातीत डिस्क जोडण्याची चार ठिकाणे असली तरी पूर्ण वेगाची दोनच असतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून एस.एस.डी. त्यांपैकी एकाला जोडावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एस.एस.डी.मुळे खेळ लवकर सुरू होतो, नकाशे पटकन उघडतात. पण सेकंदाला दिसणारी चित्रे तिच्यामुळे फारशी वाढत नाहीत. ते काम तिचे नव्हेच. तरीही संपूर्ण संगणक नवा झाल्यासारखे वाटायला लावणारा भाग एकच सांगायचा झाला, तर मी एस.एस.डी.चे नाव घेईन. कारण खेळाप्रमाणेच निबंध टाइप करणे, पुस्तकांच्या पी.डी.एफ. उघडणे हेही त्याच संगणकावर चालते.

आधी शक्ती, मग सौंदर्य

यानंतर सर्वांना ग्राफिक्स कार्ड खुणावू लागते. तेथे घाई न करता आधी एस.एम.पी.एस. पाहावा. स्वस्त डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते; पण प्रोसेसर व कार्ड हे दोघेही वीज घेतात ती १२ व्होल्टच्या वाटेने. लेबलावर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्याला १२ ने गुणावे. तेथे १५ अँपिअर असतील तर खरी शक्ती १८० वॅट. माझा हिशेब असा: प्रोसेसर ८४ वॅट, नवे कार्ड ७५ वॅट, बाकी सर्व ५०-६० वॅट, म्हणजे सुमारे २२० वॅट. यावर ऐसपैस सोय राहावी म्हणून चांगल्या प्रतीचा, ‘८० प्लस’ची खूण असलेला, ४५० वॅटचा नवा डबा तीन हजारांना घेतला. हा एकच भाग असा आहे की तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत इतरांनाही नेतो. म्हणून इतर भाग जुने चालतील. हा शक्य तो नवा घ्यावा. शिवाय पुढे संपूर्ण संगणक बदलला तरी हा डबा नव्यात चालू शकतो. कार्यालयांतून विक्रीस येणाऱ्या काही संगणकांत मात्र कंपनीने स्वतःच्या खास मापाचा डबा व जोडणी वापरलेली असते; तेथे बाजारातील डबा बसत नाही, हे आधीच पाहावे.

आमच्या वडिलांनी हा डबा पाहिला तेव्हा विचारले, “ह्यानं काय दिसंल आता नवीन?” प्रश्न रास्त होता. पडद्यावर काहीच नवीन दिसत नाही. घराचा पायाही वरून दिसत नसतो.

मग कार्ड. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एस.एम.पी.एस.मधून वेगळी वायर द्यावी लागते. मी जी.टी.एक्स. १६५० हे २०१९ सालचे, ४ जी.बी.चे, ७५ वॅटमध्ये भागणारे जुने कार्ड सात हजारांना घेतले. त्याच सुमारास १०५० टी.आय. हे २०१६ सालचे कार्ड कमी दरात मिळत होते. परंतु कार्डाला नव्या खेळांची ओळख करून देणारे ‘ड्रायव्हर’ कंपनी पुरवीत असते, आणि एन्व्हिडियाने ७५० टी.आय. व १०५० टी.आय. यांच्या पिढ्यांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबविले. १६५० त्यापुढच्या पिढीचे आहे. जुनी वस्तू घेताना तिचे वय जसे पाहावे, तसे तिचे उरलेले आयुष्यही पाहावे.

दुसरी मेख अशी, की नवे ते जुन्या घरात चांगलेच चालेल असे नाही. २०२२ साली आलेले आर.एक्स. ६४०० हे कार्ड केवळ चार पदरी वाटेने मदरबोर्डशी बोलते. नव्या मदरबोर्डवर ते चार पदर इतके वेगवान असतात की अडचण येत नाही. एच-८१ वर मात्र प्रत्येक पदर जुन्या, दुसऱ्या पिढीच्या वेगाचा. तेथे या कार्डाची वाट जवळजवळ चौथाईवर येते. १६५० सोळा पदर वापरते, म्हणून जुन्या रस्त्यावरही त्याचे निभावते.

जुने कार्ड घेताना ते चालवून दाखवायला सांगावे. दहा-पंधरा मिनिटे जड खेळ चालू ठेवून पडद्यावर ठिपके, रेषा येतात का, पंखा खरखरतो का, हे पाहावे. काही वर्षांपूर्वी आभासी चलन ‘खणण्या’साठी अशी कार्डे रात्रंदिवस राबविली जात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने ती पद्धत सोडली आणि राबलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. अशा कार्डाचे पंखे व लेप झिजलेले असण्याचा संभव असतो. त्यानुसार दर ठरवावा. कॅबिनेटमध्ये कार्डाच्या लांबीएवढी जागा आहे का, हेही टेपने मोजून जावे. पुण्याला जाऊन परत यायचा दिवस आणि एस.टी.चे भाडे हाही खर्चच आहे.

मॉनिटरचाही विचार याच ठिकाणी करावा. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके रंगवायचे असतात; १९२० × १०८० च्या पडद्यावर वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. मोठा मॉनिटर घेणे म्हणजे कार्डाचे काम जवळजवळ दुप्पट करणे. माझा मॉनिटर लहान आहे, आणि त्यामुळेच हे मध्यम कार्ड मला पुरते.

प्रोसेसर, आणि थांबण्याची जागा

शेवटी प्रोसेसर. मदरबोर्डवरील ज्या खाचेत तो बसतो तिचे नाव एल.जी.ए. ११५०. या खाचेत बसणारे प्रोसेसर ठराविक आहेत. त्यांतील आय-७ ४७७० या २०१३ सालच्या प्रोसेसरचे गाभे चारच, पण प्रत्येक गाभा दोन कामे एकदम हाती घेतो, म्हणून एका वेळी आठ कामे चालतात. जुना असा प्रोसेसर चार हजारांना मिळत होता. तो मी घेतला नाही. अरुंद जागेच्या परीक्षेत मी खेळतो त्या खेळांपुरता माझा आय-५ कमी पडत नव्हता. यापुढे जायचे तर नवी खाच, म्हणजे नवा मदरबोर्ड. त्याला नव्या जातीची रॅम. आणि त्यावर नवा प्रोसेसर. एक भाग बदलण्यासाठी तीन भाग बदलावे लागले, की जीर्णोद्धार संपला आणि नवे बांधकाम सुरू झाले असे समजावे. तीच थांबण्याची जागा.

आणखी एक मर्यादा पेटीच्या बाहेरची आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. माझा चौथ्या पिढीचा आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे बरे नव्हे. त्यावर एक उपाय म्हणजे लिनक्स ही विनामूल्य प्रणाली. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली आणलेल्या ‘प्रोटॉन’ या सोयीमुळे विंडोजसाठी बनलेले पुष्कळ खेळ लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंटसारखे, फसवणूक रोखण्यासाठी कडक पहारा ठेवणारे काही ऑनलाइन खेळ मात्र तेथे चालत नाहीत. ज्याला तेच खेळायचे आहेत, त्याने जुन्या संगणकावर पैसे घालण्यापूर्वी हा विचार करावा.

माझा एकंदर खर्च असा झाला: रॅम सहाशे, एस.एस.डी. पंधराशे, एस.एम.पी.एस. तीन हजार, कार्ड सात हजार. एकूण बारा हजार शंभर रुपये, तेही दीड वर्षात विभागून. जुने कार्ड वर्गातील एका मित्राच्या संगणकात गेले. जे भाग कोणाच्याच उपयोगाचे नसतील ते उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. त्यांत शिसे व इतर घातक द्रव्ये असू शकतात, आणि आमचे ओढे शेवटी कानंदी-गुंजवणीलाच मिळतात. ई-कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असा कचरा नोंदणीकृत संस्थेकडेच गेला पाहिजे.

एवढा खटाटोप खेळासाठी कशाला, असे कोणी विचारील. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ जगापुढे आणला. त्याची कथा आपल्या पुराणांच्या वातावरणातील आणि चित्रशैली पहाडी चित्रकलेवरून स्फुरलेली आहे. कथा, चित्र, संगीत आणि नाट्य यांचा मेळ जेथे होतो ती गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्याने परकी मानण्याचे कारण नाही. ती जवळून पाहायची, तर ती चालेल असे यंत्र हाताशी हवे; आणि ते नवेकोरे असलेच पाहिजे असे नाही.

ज्यांच्या घरी असा जुना संगणक पडून असेल त्यांनी प्रथम पेटी उघडावी, धूळ झाडावी, लेबले वाचून वहीत उतरवून घ्यावीत आणि आठवडाभर आकडे पाहावेत. दुकानाची पायरी त्यानंतर चढावी. कोणता भाग उत्तम, हे दुकानदार सांगू शकेल. आपल्या संगणकात कोण कोणाला अडवून बसले आहे, हे मात्र आपल्यालाच शोधावे लागते. ते एकदा सापडले, की खिशातील थोड्या पैशांनाही नेमके काम मिळते.